परातभर समुद्र

कांतानं घाईघाईनं पोत्यात हात घातला आणि आतलं काहीतरी तिला डसलं. विंचू म्हणावा तर विंचवाची कळ एका जागेवरून निघते आणि वर चढते. ही आग एकदम सगळ्या पंजाभर पसरली, बोटांच्या बेचक्यांतून मनगटापर्यंत. लहानपणी खाजकुइलीच्या शेंगांत हात गेला होता तेव्हा झाली होती तशी, पण चौपट. तिनं हात मोरीतल्या नळाखाली धरला तर आग आणखीच भडकली. आणि नवल असं, की रडू यायचं तिथं तिला हसू फुटलं. आहे तर. नवरा, कवडू, म्हणत होता ती थाप नव्हती, त्यानं समुद्रावरून खरंच जनावर आणलं होतं, आणि मेलं तरी त्याची खोड गेली नव्हती. मग तिनं डाव्या हातानं पोतं मोरीत उलटं केलं आणि हसू होतं तिथंच थांबलं. आत काही नव्हतं. ओलं तागाचं पोतं, विणीत अडकलेले दोनचार बुळबुळीत तंतू, आणि तिनं जन्मात न पाहिलेल्या समुद्राचा वास. तिनं पोतं झटकलं, पुन्हा आत डोकावली, जसं काही एवढं मोठं धूड कोपऱ्यात दडून बसणार होतं. पहाटे गाडीतून उतरल्या उतरल्या कवडू दारातूनच सांगत आला होता, शेजारच्या कमलाच्या घरच्या मोठ्या परातीएवढी जेलीफिश आणली म्हणून. तीच गेली कुठे? डसायला होती आणि दिसायला नव्हती. आणि आज दुपारी शाळेत तिचा पाठ होता.

कांता तशी बोलभांड बाई नव्हे. भिलाईत सेक्टर दोनच्या शाळेत ती जुलैपासून सहावीला शिकवत होती, तेही एप्रिलपर्यंतच. जूनमध्ये पुन्हा बोलावतील किंवा न बोलावतील, ते सगळं मुख्याध्यापिका वसुंधराबाईंच्या मनावर. वसुंधराबाई तीन पिढ्यांपासून दुर्गच्या, इस्त्रीच्या पातळातल्या, आवाज कधी चढायचा नाही पण वर्ग चूप व्हायचा. बाकीच्या मास्तरणींना त्या नावानं हाक मारत, गीताबाई, शालूबाई. कांताला मात्र ‘अहो, ऐका’. स्टाफरूमचा माठ भरायची पाळी कांतावर आली, त्या आठवड्यापासून त्या घरून फिरकीचा तांब्या आणू लागल्या. असेल योगायोग. कांतानं विचारलं नाही. आयुष्यात तिनं अशा गोष्टी कधी विचारल्या नव्हत्या, नुसत्या ध्यानात ठेवल्या होत्या. पण मागच्या हप्त्यात काय भूत संचारलं कोण जाणे. पुस्तकात धडा होता, शेवटी प्रश्न होता, सीप और जेलीफिश में अंतर बताओ. वसुंधराबाई म्हणाल्या, अहो, ऐका, तुमचा पाठ मी बघणार आहे, वस्तू दाखवून घ्यायचा, शिंपला मिळेल कुठंही, जेलीफिशचं चित्र काढा मोठंसं. आणि कांता म्हणाली, चित्र नको, मी खरीच आणीन. स्टाफरूम खोखो हसली. भिलाईत समुद्र निघाला की काय म्हणून गीताबाईंनी विचारलं. कांताच्या कानाच्या पाळ्या तापल्या, पण तोंडातून गेलेला शब्द तिनं मागे घेतला नाही. तिचाही हिशेब अगदीच हवेतला नव्हता. कवडूचा दोस्त धोंडबा, त्याची बहीण समुद्राकाठच्या वॉल्टेरला रेल्वे कॉलनीत दिलेली, तिच्याकडे बारशाला दोघे दोस्त निघालेच होते. तिनं त्या रात्री पोळ्या लाटता लाटता सांगितलं, समुद्रातून मले एक जिनस आणा. लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि तिनं नवऱ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. साडी नाही, बांगड्या नाहीत. कवडूला इतका आनंद झाला की तो जेवायचाच विसरला.

आता तो आतल्या खोलीत पँटसकट आडवा झाला होता, तोंड उघडं, केसांत इंजिनाचा कोळसा. तिनं त्याला हलवलं. "अवो, उठा. पोत्यात काईच नाई."

"असं कसं नाई?" तो डोळे न उघडताच म्हणाला. "मी सोता भरलं. कोळ्याच्या वल्ह्यानं ढकलत ढकलत भरलं. तो बुढा हात हालवून तेलगूत काई बोंबलून राहिला होता, मले काय समजते?"

"मंग गेलं कुठी?"

"जाईन कुठी? त्याले पाय हायेत का?" पण आता तो उठून बसला होता. मोरीत येऊन त्यानं पोतं उचललं, उजेडात धरलं, त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "मी इतकं सांभाळलं ना वं. हरेक टेसनावर उतरून नळाखाली धरलं. रायगडा, टिटलागड, महासमुंद, एक टेसन सोडलं नाई. रातभर डोळ्याले डोळा नाई. शिपीले ठेवतो तसंच ओलं ठेवलं."

"अन् खालून पाणी गळत होतं?"

"गळत होतं तर काय. एक बाई भांडली बी, माझं बोचकं भिजलं म्हणे. मी म्हनलं, पोतं ओलं हाये तर पाणी गळनारच."

वैनगंगेच्या काठची माणसं दोघंही. शिपी, म्हणजे जिता शिंपला, नदीतून काढली की ओल्या पोत्यात गुंडाळायची, वरून पाण्याचे हबके मारायचे, दोनदोन दिवस जिती राहते, हे त्यांना आईच्या दुधासोबत मिळालेलं शहाणपण. ट्रेनिंग कॉलेजच्या जाड पुस्तकात कांतानं वाचलं होतं की जेलीफिशमध्ये शंभरात पंचाण्णव भाग पाणीच असतं, परीक्षेत लिहूनही आली होती. पण वाचलेलं डोक्यात एकीकडे असतं आणि पोतं दुसरीकडे. ती तरी काय म्हणाली होती निघताना? ओलं ठेवजा, म्हणाली होती.

"ते पोत्याचं पाणी नव्हतं वो," ती हळूच म्हणाली. "तेच ते होतं."

कवडू मोरीच्या काठावर बसला. "म्हंजे मी समुद्र सांडत आलो रायपूरवरी," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज असा निघाला की कांताला पुन्हा हसू आलं, या वेळी पोटातून, थांबेचना. "कावून हसून राहिली? तुही नोकरी जाईन ना." मग त्यानं तिचा हात पाहिला. पंज्यावर लाल वळ उठले होते, जणू कोणी तापलेली साखळी ठेवून उचलली. त्यानं स्वतःचं मनगट पुढे केलं. तिथंही तसेच, थोडे फिके. "मले वाटलं डब्यात ढेकूण हायेत," तो म्हणाला. शेजारून कमला चुना घेऊन आली. तिनं हात बघून आधी कवडूला दोन शब्द सुनावले, मग कांताला म्हणाली, आजच्या दिवस नको जाऊ शाळेत. कांता म्हणाली, जातो. तिच्या छातीत काहीतरी धडधडत होतं आणि ती भीती नव्हती, किंवा भीतीच असेल, पण जत्रेत पाळण्यात बसताना वाटते ती.

शिपी कोपऱ्यातल्या बादलीत होती. ती कांतानं स्वतः काढली होती, रविवारी, मरोदा टँकच्या कडेला गुडघाभर पाण्यात उतरून, पायाच्या अंगठ्यानं चिखल चाचपत. पंधरा वर्षांनी अंगठ्याला ती धार लागली आणि त्यानं लगेच ओळखली. पवनीकडच्या त्यांच्या गावात उन्हाळ्यात नदी आटली की माय आणि ती टोपलं घेऊन जायच्या. मोठ्या शिपल्या शिजवायच्या, टरफलं ठेवायची. दगडावर घासून घासून मधे भोक पाडायचं आणि त्याच्या धारेनं कैरी सोलायची. त्या भोकातून पाहिलं की गाव लहान दिसायचं, आणि शाळेच्या ओट्यावर, वर्गाच्या बाहेर, चारजणांत बसायची आपली जागाही दिसायची. गुरुजींनी पाटी तपासायची म्हणजे ती जमिनीवर ठेवून मागे सरायचं. गुरुजी छडीच्या टोकानं ओढून घ्यायचे आणि तसंच परत ढकलायचे. बरोबर असेल तर पाटी सरळ यायची, चूक असेल तर उलटी. एकदा आत कोणालाच सांगता येईना, नदी कशाला म्हणतात, आणि बाहेरून कांतानं तोंड उघडलं. उत्तर बरोबर होतं. गुरुजी म्हणाले, तुला कोणी विचारलं? बस, एवढंच. ना मारलं ना काही. पण घरी येऊन ती मायजवळ रडली तेव्हा माय टोपल्यातल्या शिपल्या निवडत होती. ज्या उघड्या पडल्या होत्या त्या फेकत होती, मिटलेल्या ठेवत होती. "पाह्य," माय म्हणाली, "तोंड उघडलं का शिपी मेली. आपुन मिटून राहावं पोरी." ही गोष्ट खोटी नव्हती. टोपल्यातली उघडी शिपी मेलेलीच असायची, वास मारायची. कांता मिटून राहिली. मॅट्रिक झाली, ट्रेनिंग झालं, लग्न होऊन भिलाईला आली, वर्गात पोरांना पुस्तकातलं पुस्तकात वाचून दाखवत राहिली.

पण रविवारी रात्री भांडी आवरताना तिनं बादलीत पाहिलं आणि तिचा हात राखेतच थांबला. शिपी उघडी होती. मेली, असं आधी मनात आलं. मग दिसलं, की फटीतून एक पांढरट, मऊ, जिभेसारखा पाय बाहेर आला होता आणि बादलीच्या तळाला चाचपत होता. फटीच्या दुसऱ्या टोकाला झालर होती, पाण्यात हलत होती, पाणी आत घेत होती, बाहेर सोडत होती. कांता श्वास रोखून बसली. पदराचं टोक हललं तशी शिपी फट्कन मिटली, आणि ती न हलता बसली तशी पुन्हा उघडली. जिती शिपी उघडते. बाई गं. पाण्यात असली की उघडते, उघडल्याशिवाय तिला श्वास नाही, घास नाही. आम्ही तिला नेहमी टोपल्यातच पाहिलं, मायनं तरी पाण्यात कधी पाहिलं होतं? त्या रात्री तिला झोप आली नाही, कवडू वॉल्टेरला, सांगायला कोणी नाही, कमलाचं दार वाजवावं असं वाटलं पण शिपीनं तोंड उघडलं म्हणून कोणाला उठवतात का?

आता ती डाव्या हातात बादली आणि काखेत पोतं घेऊन शाळेकडे निघाली होती. उजवा हात छातीशी धरला होता, त्यात सगळी आग. पोलादाच्या भट्टीकडून भोंगा झाला, सायकलींची रांग गेली, लाल धूळ तिच्या हातावरच्या चुन्यावर बसली. डोकं मात्र असं चाललं होतं की पाय मागे पडावेत. एकीचं घर पाठीवर, दुसरीला घरच नाही. एक पायानं चिखल धरून जन्मभर एका डोहात, दुसरी पाणी नेईल तिकडे. मग तिला जाड पुस्तकातलं दुसरं वाक्य आठवलं आणि ती रस्त्यातच थबकली: शिपीची पिलं माशांच्या कल्ल्यांना चिकटून दूर जातात आणि तिथं गळून तळाशी बसतात. म्हणजे ही घरबशीसुद्धा लहानपणी दुसऱ्याच्या गाडीवर बसून आलेली. मरोदाला टँक आत्ता बांधला, त्याच्यात शिपी कुठून आली, असं तिला वाटलं होतं. आली, जसे आम्ही आलो, ट्रंक आणि वळकटी घेऊन पॅसेंजरनं. आणि त्या परातीएवढीला हाड नाही, काळीज नाही, डोकं नाही, कवच नाही. कोणीही यावं आणि चिरडावं. पण चिरडत नाही कोणी. शिवतच नाही कोणी. आम्हालाही कोणी शिवत नव्हतं. पण तिला शिवत नाहीत ते भिऊन, आणि आम्हाला, आम्हाला कशापायी? आमच्या अंगात कुठं डंख होता?

कवडू सांगत होता, खोल पाण्यात तिच्याच जातीच्या कितीतरी तरंगत होत्या, छत्री उघडावी आणि मिटावी तशा उघडत-मिटत जात होत्या. उघडणं-मिटणं, तेच तिचं चालणं. कांताला माय दिसली, छप्पन सालच्या दसऱ्याची, नागपूरच्या त्या मैदानावर, उधारीच्या पांढऱ्या लुगड्यात. एवढा समाज, मुंगीला पाय ठेवायला जागा नाही, आणि सगळे एका आवाजात प्रतिज्ञा म्हणत होते. आपल्या बाजूला कोणीतरी खडखडीत आवाजात म्हणतंय म्हणून कांतानं वळून पाहिलं तर ती माय होती. जन्मभर कुजबुजलेली बाई. तोंड पूर्ण उघडं, गळ्याच्या शिरा ताठ, डोळ्यांतून पाणी, आणि आवाज असा की पुढचा माणूस मागे वळून बघत होता. घरी परतताना गाडीत माय म्हणाली होती, गळा बसला वं माहा, आणि ते सांगताना हसत होती. शिपल्यांचं ते बोलणं तिनं त्यानंतर कधी काढलं नाही. कांताच्याच डोक्यात ते राहून गेलं होतं, इतकी वर्षं, मायनं टाकून दिलेलं लुगडं लेकीनं नेसत राहावं तसं.

वर्गात वसुंधराबाई मागच्या बाकावर बसल्या होत्या, शेजारी फिरकीचा तांब्या. समोर चाळीस पोरं, पंजाबी, बंगाली, आंध्राची, रायपूरकडची, आणि सगळ्यांचे डोळे पोत्यावर, कारण बहनजी समुद्रातून जनावर आणणार ही बातमी शाळाभर झाली होती. कांतानं आधी बादली टेबलावर ठेवली. शिपी अर्थातच मिटलेली. "यह ऐसे नहीं खुलेगी," ती म्हणाली, "जब तुम सब बिलकुल चुप हो जाओगे तब खुलेगी." पोरं बाकांवर चढली, पण हूं की चूं नाही. भट्टीची घरघर ऐकू येऊ लागली. शिपी उघडेना. मागून बांगड्यांचा आवाज झाला, वसुंधराबाईंनी घड्याळ पाहिलं असावं. आणि मग फट दिसली, पांढरी जीभ हळूच बाहेर आली, आणि पुढच्या रांगेतून श्वासासारखा आवाज उठला. कांता कुजबुजत सांगू लागली, पाय कुठला, पाणी कुठून आत जातं, पिलं कशी माशावर बसून गाव बदलतात. आपला आवाज कधी मोठा झाला ते तिला कळलं नाही. हिंदीत मराठी मिसळत होती, तेही कळलं नाही.

"बहनजी, जेलीफिश?" कोणीतरी विचारलंच.

तिनं पोतं उचललं आणि झालं ते सगळं सांगून टाकलं. ओल्या पोत्याचं, स्टेशनांवरच्या नळांचं, भांडलेल्या बाईचं. लाज वाटेल असं तिला वाटलं होतं. सांगताना गंमत वाटत गेली. पोरं आधी हिरमुसली, मग हसली, मग हसायची थांबली. आंध्राकडची एक मुलगी पुढे आली, पोत्याला हात न लावता लांबूनच हुंगली आणि म्हणाली, "बहनजी, सच्ची, हमारे गाँव के समंदर की बू है." मागच्या बाकावरून वसुंधराबाईंचा आवाज आला, मराठीतून, तसाच शांत. "अहो, ऐका. पाठ वस्तू दाखवून घ्यायचा होता. वस्तू कुठे आहे?"

तुला कोणी विचारलं? सव्वाशे मैलांवरून, वीस वर्षांवरून ते वाक्य आलं आणि कांताचं तोंड मिटायला लागलं. तिला ते मिटताना जाणवलं, अगदी स्पष्ट, दोन टरफलं जवळ येतात तसं. आणि त्याच वेळी हाताची आग अशी उसळली की तिचं तोंड मिटता मिटता उघडंच राहिलं. तिनं छातीशी धरलेला उजवा हात वर केला. पदराच्या टोकानं चुना पुसला. लाल, फुगलेले वळ, मनगटापर्यंत.

"ही वस्तू," ती म्हणाली. आवाज खडखडीत होता. "यही है जेलीफिश. शरीर गया, पानी हो गया. पर उसका लिखा हुआ बाकी है. देखो."

पोरं बाक सोडून धावली. जलती है बहनजी? छू लूँ? पहिल्यानं भीत भीत एक बोट लावलं आणि ओरडला, "गरम है." मग रांगच लागली. ढकलाढकली, तेलकट बोटं, शाईची बोटं, एकेक येत होतं आणि तिच्या हाताला शिवत होतं. कांता हात पुढे धरून उभी होती. प्रत्येक बोटासरशी कळ जात होती मस्तकात, आणि तिला वाटत होतं ही रांग संपू नये, सेक्टर दोनच्या पार पुढे जावी, पवनीच्या ओट्यापर्यंत जावी. इतका आनंद तिला कशाचा होतोय ते तिला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं, हात दुखतोय असंच ती म्हणाली असती.

रांग संपली तेव्हा वसुंधराबाई समोर उभ्या होत्या. त्या कधी उठल्या ते दिसलं नव्हतं. चष्मा नाकावर ओढून त्यांनी वळ पाहिले, जवळून, बराच वेळ. त्यांचं बोट पुढे आलं आणि वीतभर अंतरावर थांबलं.

"शिवलं तर मलाही होईल का?" त्यांनी विचारलं. खरंच विचारलं, त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती, दुसरं काही नव्हतं, किंवा असेल तर त्यांनाही ते ठाऊक नव्हतं.

रागावून बोलावं असं पुष्कळ आलं कांताच्या मनात, तांब्याचंही आलं. पण आज ती इतकी भरून आली होती की राग आत मावेना.

"नाही होत बाई," ती म्हणाली. "कधीच होत नव्हतं. शिवून बघा."

बोट टेकलं. मग बाकीची बोटं टेकली, मग गार तळवा. वसुंधराबाईंनी हात तसाच धरून ठेवला, आणि सोडला तेव्हा त्यांच्या तळव्याला थोडा चुना लागला होता. तो त्यांनी पुसला नाही. मागे जाऊन त्या बाकावर बसल्या, घसा साफ केला. "जूनपासून सातवीचंही विज्ञान घ्या," त्या म्हणाल्या. "आणि पाठ पुरा करा, कांताबाई. पोरांना अजून फरक सांगायचा राहिलाय."

कांतानं टेबलावरचा खडू उजव्या हातात घेतला. बोटं मिटताना लागत होतं, चांगलंच लागत होतं. फळ्याच्या मधोमध तिनं उभी रेघ ओढली, एका बाजूला सीप, दुसऱ्या बाजूला जेलीफिश, आणि मागे वळून चाळीस पोरांना मोठ्यानं विचारलं, हां, बोला, पहिलं कोण सांगतं?